कवडीटोल्याचा आकडा

१८ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! चार वर्षं तासिका तत्त्वावर घासून घासून अखेर कायमची ऑर्डर हातात पडली, आणि तीही कुठली, तर थेट गोंदिया जिल्ह्यातली. साताऱ्यात आईने नकाशा बघून कपाळाला हात लावला होता. म्हणाली, रेणू, याच्यापुढे महाराष्ट्रच संपतो गं. संपेना का. पगार तर सुरू होतो!

तिरोड्याहून बस चोरखमाऱ्याच्या वाटेला लागली तशी दोन्ही अंगांना नुसती धानाची शेतं. कापणी झालेली, कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळत पडलेल्या. कवडीटोला म्हणजे शे-दीडशे घरं, एक जुना मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाठ लावून बसलेलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. अकरावी-बारावी मिळून एकसष्ट मुलं. गणिताला मी एकटीच, म्हणजे राज्य आपलंच.

खोली मिळाली केवळराम आणि शांतीबाई यांच्या घरी. पोवार माणसं. मूळ माळव्यातले, असं शांतीबाई अशा थाटात सांगतात की जणू परवाच बैलगाडीतून उतरल्या. मूलबाळ नाही, त्यामुळे मी पोचायच्या आधीच त्यांची लेक झालेली होते. पहिल्याच ताटात भाताचा डोंगर आणि लाखोरीचं वरण. मी भीत भीत पोळी आहे का विचारलं, तर घाबरून म्हणाल्या, काऊन वं पोरी, बिमार आहेस का? हसून हसून ठसका लागला मला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज केवळरामभाऊंचं काम बघायला खळ्यावर गेले होते. ते गावाचे मापारी. गावातलं धान बाजारात जावो की कणगीत, आधी त्यांच्या पायलीतून जायलाच पाहिजे. काळी पडलेली लाकडी पायली, काठाला लोखंडी पट्टी. हे भरतात, ओततात आणि आकडा मोठ्याने म्हणतात. सूर लावून, एका लयीत, चेहरा अगदी शांत.

मी जवळ जाऊन ऐकलं आणि चाटच पडले. माणूस कोटीत मोजत होता! सतरा कोटी अठ्ठावीस लाख अमुक, सतरा कोटी अठ्ठावीस लाख तमुक. एका गावात एका हंगामात सतरा कोटी पायल्या? जेवताना विचारलं. तर म्हणे हा आकडा या सालचा नव्हेच. गाव बसलं तेव्हाची पहिली पायली एक, आणि तिथून मोजणी कधी थांबलेलीच नाही. दरसाली मागच्या आकड्याच्या पुढे मोजायचं. पिढ्यान्पिढ्या!

मला तर रात्रभर कौतुकच वाटत राहिलं. आपण वर्गात संख्यारेषा काढतो आणि दोन्ही टोकांना बाण काढून मोकळे होतो. इथे एक गाव त्या रेषेवरून पायी चाललंय. केवळरामभाऊंना तसं सांगितलं तर लाजले. म्हणाले, आमी काय जी, आमी फक्त वाचून राहिलो. आकडा त्याचा तो चालते.

१ डिसेंबर, रविवार

डोमनलालजी भेटायला आले. गावातले सगळ्यांत वडीलधारे, पांढरं धोतर, बोलणं तोलून-मापून. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण कधीतरी यावर छान लेख होईल.

पूर्वजांनी तलाव खणला तेव्हा त्यात पाणी ठरेना. मग पाण्याशी बोली झाली. दरसाली शेवटची पायली पडली की आकडा फोडून बघायचा. त्याचे सारखे ढीग पडले तर ते गावाचं. पडले नाहीत तर आकडा अखंड, आणि अखंड ते पाण्याचं. त्या साली आकडा वाचणारा, म्हणजे मापारी, पाण्यात जातो. असं शेवटचं झालं ते केवळरामच्या आज्याच्या वेळी.

म्हणजे हो मूळ संख्या! जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणानेच भाग जात नाही, ती. गणिताची इतकी सुंदर दंतकथा मी तरी ऐकली नव्हती. मी टाळ्या वाजवल्या. डोमनलालजी हसले नाहीत.

आजवर आकडा फोडायचे ते जागेश्वर गुरुजी. पाटीवर, खडूने, एकेका मूळ संख्येने भाग देत देत आठ दिवस बसायचे. उन्हाळ्यात वारले. आता गावात गणित शिकलेली मीच. करशील का बाई, असं विचारलं. म्हटलं, त्यात काय, आनंदाने.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज दुपारी सव्वातीनला शेवटची पायली पडली. आकडा: १७,२९,४७,५२९. सतरा कोटी एकोणतीस लाख सत्तेचाळीस हजार पाचशे एकोणतीस.

काय देखणा आकडा आहे! विषम. शेवटी नऊ, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज शेहेचाळीस, म्हणजे तीन आणि नऊही बाद. सात, अकरा, तेरा मी तिथेच उभ्या उभ्या करून पाहिले, कुणी आत शिरत नाही. वर्गसंख्या नाही. आणि सुरुवातीचे चार अंक बघा, १७२९! दोन घनांची बेरीज दोन तऱ्हांनी होते अशी सगळ्यांत लहान संख्या. गणितवाल्याला हा आकडा दिसला की शाळेतला मित्र भेटल्यासारखं होतं.

डोमनलालजींनी पाटी-खडू पुढे केला. म्हणाले आठ दिवस घ्या, घाई कायले. आठ दिवस! म्हटलं, अहो काका, भागाकार करत बसणं ही हमाली झाली, आता त्यापेक्षा सोप्या युक्त्या आहेत. फोनवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फर्माची कसोटी. संख्येच्या पोटात काय आहे ते न बघताच, ती अखंड आहे का, हे बाहेरून विचारायचं. दोन घेऊन विचारलं: अखंड. तीन: अखंड. पाच: अखंड. सात: अखंड. चार साक्षीदार, एकच जबाब. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सगळं गाव खळ्यावर उभं होतं. मी ऐटीत सांगितलं, तुटत नाही, मूळ संख्या आहे. डोमनलालजींनी तीनदा विचारलं, पक्कं? मी तीनदा सांगितलं, पक्कं.

केवळरामभाऊ पायली पुसत होते, ते पुसतच राहिले. जेवणं झाल्यावर शांतीबाईंनी नव्या धोतराची घडी काढून उशाशी ठेवली. उद्या-परवा पूजा असणार.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, सगळं गाव पाळीवर जमलं. मला वाटलं नारळ वाहतील. केवळरामभाऊ नवं धोतर नेसून, पायली खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. गुडघा. कंबर. मी हसत हसत म्हटलं, अहो पुरे की. छाती. मग मी ओरडले. दोन बायांनी माझे दंड धरले, घट्ट, पण रागाने नाही. गळा. आणि मग नुसतं पाणी. बुडबुडासुद्धा आला नाही.

पाण्यात उडी घ्यायला एकही माणूस हलला नाही. संध्याकाळी पोलीस आले तर सगळ्यांनी एकच सांगितलं, अंघोळीले गेला, पाय घसरला. मला विचारलं तेव्हा मी नुसती पाण्याकडे बोट दाखवत राहिले. गळ टाकले, काही लागलं नाही.

शांतीबाई रडल्या नाहीत. चुलीपुढे बसून मला विचारलं, मॅडम, पक्कं होतं ना जी? आजपर्यंत मला पोरी म्हणायच्या.

मी म्हटलं, होय. निदान गणित तरी खरं होतं, एवढाच आधार होता मला.

१९ डिसेंबर, गुरुवार

देवा, हे काय केलं मी.

बारावीच्या वर्गात मूळ अवयव शिकवत होते. उदाहरण म्हणून हाताला आलं ते १७२९. फळ्यावर लिहिलं, सात गुणिले तेरा गुणिले एकोणीस. आणि खडू हातातच राहिला. १७२९ ही खोटारडी संख्या. कार्मायकेल संख्या म्हणतात तिला. तुटते, पण फर्माच्या कसोटीला प्रत्येक वेळी आपण अखंड आहोत असंच सांगते. आणि गावाचा आकडा मी फक्त त्याच कसोटीवर अखंड ठरवला होता. एम.एस्सी.ला यावरच मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मीच!

वर्ग सोडून खोलीवर पळाले. फोनवर साधा भागाकार लावला, एकेका संख्येने. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

३०७ × ६१३ × ९१९.

पुन्हा केलं. कागदावर केलं. तेच. आकडा तुटत होता. तीन जागी तुटत होता. तीनशे सात ही त्रेसष्टावी मूळ संख्या. जागेश्वर गुरुजी पाटीवर पहिल्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी तिथे पोचले असते. मला हमाली नको होती ना. माझ्या पाच मिनिटांच्या ऐटीपायी एक भला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात चालत गेला, आणि त्याच्या बायकोच्या हातचा भात मी दोन्ही वेळा खातेय.

सांगायला हवं. शांतीबाईंना तरी. पण काय तोंडाने? गाव मला उभी चिरेल. नोकरी जाईल. आणि सांगून तो परत थोडाच येणार आहे?

सांगत नाही. कुणालाच कळायचं नाही. हे तीन आकडे जगात फक्त मला माहीत आहेत.

२३ डिसेंबर, सोमवार

दुपारी कॉलेजातून आले तर अंगणात केवळरामभाऊ.

पाठमोरे, उकिडवे बसलेले. अंगावर तेच धोतर, कोरडं ठणठणीत. पायली नाही, पण हात पायली भरल्यासारखे चालत होते. भरायचे, ओतायचे, आकडा म्हणायचे. तीच लय, तोच सूर. शांतीबाई उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होत्या, डोळ्यांत इतका आनंद की मला बघवेना. म्हणाल्या, सकाळपासून बसून राहिले जी, पर मले ओळखून नाही राहिले.

मी आकडे ऐकत राहिले. तीनशे पाच. तीनशे सहा. तीनशे सात.

थांबले. आणि पुन्हा एकपासून.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दुसरा आला.

पहिला अंगणात मोजतोच आहे. दुसरा गोठ्याजवळ. चेहरा तोच, मिशी तीच, डाव्या भुवईवरचा व्रण तोच. हा शांतीबाईंना नावाने हाक मारतो, पण घास तोंडात दिला तर गिळायचं कसं ते त्याला माहीत नाही. पहिला जेवतो, पण बायको कोण ते माहीत नाही. एका माणसाचे वाटे घातलेत कुणीतरी, आणि अगदी सारखे.

हा सहाशे तेराला थांबतो.

कानांत बोळे घातले. बोळ्यांतूनही लय येते.

२८ डिसेंबर

पळाले. भल्या सकाळी बॅग घेऊन थांब्यावर गेले. तिरोड्यापर्यंत नीट पोचले. स्टँडवर साताऱ्याला जायचं कसं ते विचारायला खिडकीशी गेले, आणि बाकावर लोकांच्या गर्दीत तिसरा बसलेला. लोक त्याच्या बाजूने जात-येत होते. शेंगदाणे खात होते. त्याचे हात भरत होते, ओतत होते. आठशे नव्वद. आठशे एक्याण्णव.

नऊशे एकोणीसला थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. विचारल्यासारखं, फक्त. पुढचं विसरल्यावर शाळेतलं मूल बाईंकडे बघतं तसं.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसून आला. मीच त्याचं तिकीट काढलं.

१ जानेवारी

तिघे अंगणात. शांतीबाई तीन ताटं वाढते. एकच जेवतो. दुसरा नाव घेत राहतो. तिसरा नुसता रडतो, तोंडाने आकडे चालू ठेवून.

ती आज मला म्हणाली, माझा माणूस असा काऊन आला, मॅडम? तुमाले माहीत आहे. तुमी आकडे त्याच्याआधी ओठांत म्हणून राहता, मी पाह्यलं.

सांगितलं. सगळं सांगितलं तिला. फोन, कसोटी, त्रेसष्ट भागाकार, लपवणं. पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत की डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणाली, मी लेक समजली होती वं तुले.

२ जानेवारी

डोमनलालजी आले. सोबत सगळं गाव. वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाले, तुटलेला आकडा अखंड म्हणून पाण्याले दिला. पाण्याने जे आपलं नव्हतं ते परत केलं, पर आकडा जसा तुटते तसाच तोडून केलं. आता ज्याने चुकवलं त्यानेच जोडावं. पहिल्या पायलीपासून पूर्ण आकडा वाचायचा, पाळीवर बसून, मोठ्याने, एक न गाळता. पूर्ण झाला की केवळराम एक होईल. मधे आकडा हरवला, तर मोजणाराही केवळरामसारखाच तीन भागांत जाईल.

किती वर्षं, म्हणून विचारलं मी. ते म्हणाले, गणित तर तुमालेच येते.

येतं ना. रोज दहा तास, एका आकड्याला तीन सेकंद. चाळीस वर्षं. मी एकोणतीसची आहे.

शांतीबाई अठ्ठावन्न.

९ जानेवारी

पाळीवर. मी मोजते तोवर ते तिघे गप्प असतात. एवढं तरी. मी पाण्याकडे तोंड करून, ते माझ्या मागे. संध्याकाळी मी थांबते तेव्हाचा आकडा शांतीबाई तोंडात धरते. सकाळपर्यंत कुणाशी बोलत नाही, पाणीही पीत नाही. उजाडलं की माझ्या कानात म्हणते आणि मी पुढे.

कॉलेजातून कुणी विचारायला आलं नाही. आईचा फोन वाजत होता. उचलला तर आकडा जाईल.

१७ जानेवारी

एक लाख चाळीस हजारांच्या पुढे. आवाज बसला. शांतीबाई कोमट पाणी घोटाघोटाने देते, दोन आकड्यांच्या मधल्या श्वासात. आज तिने माझे केस विंचरले. मला इतकं रडू आलं, पण रडता येत नाही, लय—

काल संध्याकाळी थांबून मागे वळले तर तिसऱ्याचं रडणं थांबलेलं. पहिल्याने तिच्याकडे बघितलं, जरा ओळखल्यासारखं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे होतंय. खरंच होतंय. करेन मी. चाळीस तर चाळीस.

३ फेब्रुवारी

लिहायला नको म्हणते शांतीबाई. पण कुणाला तरी कळायला हवं. डाव्या हाताने वही, तोंडाने आकडा. दोन्ही जमतं. सवय झाली. आज ऊन छान, पाण्यावर बदकं उतरलीत, सहा की

सात. नाही, ती बदकं. आकडा तीन लाख चार हजार एकशे— एकशे सहासष्ट म्हटलं का मी? की सदुसष्ट? सहासष्ट लिहिताना म्हटलं की आधी—

शांतीबाई विचारते, किती?

मागे तिघे उठून उभे राहिलेत. ती पुन्हा विचारते, पोरी, किती, सांग ना वं, किती— मला आठवतंय, थांब, मला आठवतंय, तीन लाख चार हजार एकशे